रात्री नऊनंतर वाजणारा एसएमपीएस

एसएमपीएस, म्हणजे घरातली २३० व्होल्टची वीज कमी व्होल्टच्या डीसीत बदलून देणारा सप्लाय, शिट्टी मारतोय अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी विचारतो, राहायला कुठं? गिऱ्हाईक सोलापूरच्या पूर्व भागातलं, यंत्रमागाच्या भिंतीला भिंत लावून राहणारं असेल तर ही तक्रार सहसा नसतेच. तिथं दिवसरात्र खटाखट चालू असते. सप्लाय पार मेला की मगच तो पिशवीत घालून माझ्याकडं येतो आणि झाकण काढलं की आधी बोटभर सुताचा तूस निघतो. शिट्टीवाली गिऱ्हाइकं येतात ती जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड इकडून. घरात तान्हं बाळ असतं, नाहीतर घरातून काम करणारा मुलगा. आणि अलीकडं अभ्यासिकावाले.

हा किस्सा एका अभ्यासिकेचा. पोलीस भरती, एमपीएससी, बँकेच्या परीक्षा अशी पोरं रात्री बारा-एकपर्यंत बसतात. सगळ्या टेबलांवर एलईडीची पट्टी, प्रत्येक टेबलाला वेगळं बटण. सगळ्या पट्ट्यांना मिळून १२ व्होल्ट ३० अँपिअरचा एकच जाळीदार पत्र्याचा एसएमपीएस, जिन्याजवळच्या प्लायवूडच्या कपाटात. त्याच कपाटात कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर आणि त्याचा अडॅप्टर. वर पत्रा.

पोरांची तक्रार अशी की रात्री कानात सुई घातल्यासारखा आवाज येतो. मालकांना, म्हणजे आमच्या अण्णांना, ते पटत नव्हतं. "मी रोज तिथंच बसतो की. मला कसं ऐकू येईना? पोरं उगं नाटक करलालेत. झोप येलालीय म्हणून सांगायची लाज वाटलालीय त्यांना."

अण्णा साठीला आलेत. मीही पन्नाशी ओलांडली. या वयात कानाचा वरचा पट्टा आधी जातो. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत ६२५ रेषा सेकंदाला २५ वेळा काढल्या जायच्या, म्हणजे १५,६२५ हर्ट्झची एक बारीक शिट्टी टीव्ही चालू असेपर्यंत येत राहायची. ऐन उमेदीत मी बोळात उभा राहून सांगायचो कुणाच्या घरी टीव्ही चालू आहे, आवाज बंद असला तरी. आता तसा टीव्ही समोर ठेवला तरी मला फक्त चित्र दिसेल. त्यामुळं शिट्टीच्या कामाला मी भाच्याला घेऊन जातो. चौदा वर्षांचा आहे, कान शाबूत. त्याची फी म्हणजे परत येताना पार्क चौकात पावभाजी, बटर जास्त.

कपाट उघडायच्या आधीच तो म्हणाला, "मामा, वाजलालंय की. तुम्हाला खरंच येईना?"

आता थोडं आवाजाच्या जातींबद्दल, कारण फोनवर सगळे "आवाज येतोय" एवढंच सांगतात. जाड गुणगुण असेल, जुन्या ट्यूबलाइटच्या चोकसारखी, तर ती १०० हर्ट्झची. मेन्सचे, म्हणजे घरच्या विजेचे ५० हर्ट्झ ब्रिजमधून, म्हणजे चार डायोडच्या जोडणीतून, सरळ झाले की दुप्पट होतात. तिथं मोठा फिल्टर कपॅसिटर किंवा ब्रिज बघायचा. टिक-टिक-टिक किंवा चिव-चिव असं थांबून थांबून येत असेल तर सप्लाय उठायला बघतोय आणि कुणीतरी त्याला पाडतंय. आउटपुटचा शॉटकी डायोड शॉर्ट असतो, बाहेरची वायर शॉर्ट असते, किंवा सप्लाय चालवणाऱ्या आयसीला स्वतःला लागणारा पुरवठा टिकत नाही. यूसी ३८४२ हा आयसी घ्या. तो १६ व्होल्टला जागा होतो आणि १० ला झोपतो. त्याच्या शेजारचा ४७ मायक्रोफॅरडचा बारका कपॅसिटर वाळला की हा उठणं-झोपणं चालूच. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेनंतर माझ्याकडं पाळण्याच्या लाइटचे सप्लाय येतात, "टिकटिक करतोय, आयसी गेला" म्हणून. वायर काढून टेबलावर लावला की ठणठणीत चालतो. पाळण्याच्या दांड्यात वायर घासून उघडी पडलेली असते.

आणि तिसरी जात म्हणजे सलग बारीक शिट्टी. अण्णांकडं ती होती.

एसएमपीएसचा स्विचिंगचा, म्हणजे आत वीज चालू-बंद करण्याचा वेग मुद्दाम माणसाच्या कानाच्या पलीकडं ठेवतात. आपण फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, छोट्या अडॅप्टरचा आयसी ६५ हजार, १ लाख असा कुठंतरी चालतो. मग ऐकू येतं ते काय? दोन गोष्टी जमून याव्या लागतात. एक, सप्लायनं आपला ठरलेला वेग सोडून कानाच्या पट्ट्यात काहीतरी करायला पाहिजे. दोन, त्या वेगानं थरथरणारी एखादी वस्तू आत पाहिजे. वस्तू बहुतेक वेळा ट्रान्सफॉर्मर किंवा चोक. फेराइटमधून, म्हणजे त्यांच्या गाभ्यातून, चुंबकत्व गेलं-आलं की तो सूक्ष्म लांब-आखूड होतो, आणि सैल गुंडाळलेला तांब्याचा वेढा तर सरळ हलतो. दुसरी वस्तू सिरॅमिक कपॅसिटर. त्यातल्या काही जातींचा माल व्होल्टेज बदललं की आकार बदलतो, आणि ज्या बोर्डावर तो बसलाय तो बोर्ड तबल्याच्या पुडीसारखा तो आवाज मोठा करून देतो.

म्हणजे ओरडणारा एक आणि दुखणं दुसऱ्याचं, असं इथं नेहमी होतं. ट्रान्सफॉर्मर ओरडतोय म्हणून ट्रान्सफॉर्मर बदलणारे मेकॅनिक मी पाहिलेत. इंटरनेटवरचा व्हिडिओ बघून सगळे कपॅसिटर उपटून टाकणारी हौशी पोरं तर दर महिन्याला भेटतात. त्यातला एखादा योगायोगानं बरा होतो आणि मग तो तोच सल्ला पुढं देत सुटतो. माझ्या मते पहिला प्रश्न एकच असतो. लोड, म्हणजे सप्लायवरचं काम, बदललं की शिट्टी बदलते का?

रात्री नऊ वाजून गेले होते. बहुतेक पोरं जेवायला खोलीवर गेलेली, कोपऱ्यात पाच-सहा टेबलं चालू. फोनवर आवाजाचा आलेख दाखवणारं फुकटचं ॲप असतं. फोन सेकंदाला ४८ हजार नमुने घेतो, त्यामुळं त्याला २४ हजार हर्ट्झच्या वरचं काही दिसूच शकत नाही, पण आपल्याला त्याच्या वरचं नकोच आहे. कपाटाशी फोन धरला तर ११ हजारांच्या आसपास सरळ सुळका. मला न ऐकू येणारी गोष्ट डोळ्यांना दिसली. अण्णांनाही दाखवली. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "हे फोनचं असेल."

मग भाच्याला कपाटाशी उभं केलं आणि मी एकेका टेबलाची बटणं दाबत गेलो. सुळका सरकायला लागला. आणखी टेबलं लागली तसा तो वर गेला, बारीक झाला. अर्धी खोली उजळल्यावर गायब. भाचा तिकडून ओरडला, "गेला!" परत बटणं बंद केली, परत आला. दिवसा पोरांना त्रास का नाही याचं उत्तर तिथंच मिळालं. दिवसा खोली भरलेली, पंखे चालू, सप्लायवर भरपूर लोड.

मध्ये एक डिमर होता. तोही संशयित असतो, कारण डिमर प्रकाश कमी करतो म्हणजे पट्टीला भराभर चालू-बंद करतो, आणि त्या ठेक्यावर सप्लायमधला चोक गुरगुरतो. पण डिमरचा आवाज आपला सूर सोडत नाही. टेबलं वाढली की जोर बदलतो, सूर तोच राहतो. इथं सूर सरकत होता. तरी खात्रीसाठी डिमर मधून काढून वायरी सरळ जोडल्या. शिट्टी तशीच. डिमर सुटला.

हिशोब साधा होता. एका टेबलाची पट्टी साधारण ५ वॅट. सहा टेबलं म्हणजे ३० वॅट, १२ व्होल्टला अडीच अँपिअर. आणि सप्लाय ३० अँपिअरचा. पूर्ण खोली भरली तरी १५-१६ च्या वर जात नाही. पण आपल्याकडं इन्व्हर्टर असो, पाण्याची टाकी असो, "मोठा घेतलेला बरा" हा नियमच आहे. वायरमननं पुढं वाढवता येईल म्हणून हा बसवला, अण्णांनी खुशीनं पैसे दिले.

या मोठ्या सप्लायमध्ये बहुधा टीएल ४९४ जातीचा आयसी असतो. लोड कमी झाला की तो पल्स, म्हणजे विजेचे ठोके, अरुंद करत जातो. पण अरुंद करायलाही एक मर्यादा आहे. त्या खाली गेलं की आउटपुट वर चढतं, मग तो काही पल्स गाळतो, व्होल्टेज उतरलं की पुन्हा चार पल्स सोडतो. पल्सचा वेग कानाबाहेरचा असला तरी हे सोडणं-गाळणं सेकंदाला काही हजार वेळा होतं आणि ते कानात शिरतं. छोट्या अडॅप्टरमध्ये तर हे वीज वाचवायला मुद्दाम केलेलं असतं. फोन शंभर टक्के भरल्यावर चार्जर कुणकुणतो तो याच कारणानं. अशा सप्लायला काही झालेलं नसतं. तो धडधाकट आहे, त्याला काम कमी पडलंय.

पुरावा म्हणून मी पिशवीतून मोटारीच्या इंडिकेटरचे २१ वॅटचे दोन बल्ब काढले. १२ व्होल्टवर प्रत्येकी पावणेदोन अँपिअर खातात. माझ्या मते याच्याइतकं स्वस्त आणि खरं बोलणारं लोड टेस्टर बाजारात नाही. आउटपुटला दोन्ही जोडले, भाच्यानं मान हलवली. शिट्टी बंद.

आता उपाय. पुस्तकी उपाय म्हणजे आउटपुटवर कायमचा रेझिस्टर टाकून खोटा लोड द्यायचा. इथं दोन अँपिअर तरी जास्तीचे लागले असते, म्हणजे ६ ओहमचा रेझिस्टर आणि २४ वॅटची शेगडी. प्लायवूडच्या कपाटात, पत्र्याखाली, मे महिन्यात बाहेर ४३-४४ डिग्री असताना. शिवाय त्या उष्णतेचं बिल अण्णांनीच भरायचं. मी नको म्हणालो.

दुसरा उपाय म्हणजे ओरडणाऱ्याचं तोंड बांधणं. ट्रान्सफॉर्मर आणि चोकला व्हार्निश पाजायचं. सोलापुरात याला तोटा नाही, मागांच्या मोटारी भरणारे रिवाइंडिंगवाले जागोजागी आहेत. त्यांच्याकडं व्हार्निशच्या डब्यात बुडवून भट्टीत वाळवून मिळतं. कोअरच्या दोन तुकड्यांच्या सांध्याला अराल्डाइटही चालतं. ग्लू गनचा गोंद मात्र लावू नका. ट्रान्सफॉर्मर तापला की तो मऊ पडतो आणि उन्हाळ्यात तर ओघळून खाली येतो, मी खरवडून काढलाय. व्हार्निशनं आवाज बराच कमी होतो, पण मोठ्या सप्लायचा ट्रान्सफॉर्मर सोडवून परत बसवायचा, तेही सप्लाय निरोगी असताना, हा मला उपद्व्याप वाटतो. ट्रान्सफॉर्मर सैल असेल तर गोष्ट वेगळी.

मी केलं ते असं. कोपऱ्यातली दहा टेबलं, जिथं रात्रीची पोरं बसतात, ती वेगळी काढली आणि त्यांना १२ व्होल्ट ५ अँपिअरचा छोटा सप्लाय दिला. सहा टेबलं म्हणजे त्याचं निम्मं काम, दहा म्हणजे ५० वॅट, तरी थोडी जागा उरते. मोठ्याला वेगळं बटण, नऊनंतर सरळ बंद. हे करताना एक सांभाळायचं. दोन सप्लायचे प्लस एकमेकांना जोडायचे नाहीत, पट्ट्यांची वायरिंग पूर्ण तोडून वेगळी करायची. छोटा सप्लाय घेताना दुकानातच इंडिकेटरचा बल्ब लावून आणि काढून भाच्याला ऐकवला. दुकानदार आमच्याकडं बघत राहिला. पहिला नापास झाला, दुसरा घेतला.

एवढं करून निघणार तर भाचा म्हणतो, "सकाळी पण वाजतं म्हणत होती ना पोरं?" तो पोरांशी बोलून आला होता. सकाळी सहाला उघडतात तेव्हा सगळी टेबलं भरलेली असली तरी काही वेळ शिट्टी येते आणि मग आपोआप थांबते. ही कथा निराळी होती. लोडवर न हलणारी आणि गरम झाल्यावर थांबणारी शिट्टी म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. आतलं पाणी वाळलं की त्याचा आतला अवरोध, ईएसआर, वाढतो. तापला की तो थोडा खाली येतो आणि सप्लाय तात्पुरता सावरतो. कपाटात आणखी एकच सप्लाय होता, डीव्हीआरचा अडॅप्टर. अण्णा रोज रात्री कुलूप लावताना मेन बंद करतात, कॅमेऱ्यासकट. (मग कॅमेरे कशाला, हे मी विचारलं नाही.)

अडॅप्टर घरी आणला. खोक्याचा सांधा व्हाइसच्या शिकंज्यात हळू दाबला की तडकतो, चाकू घालायची गरज नाही. आत आउटपुटला १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचे दोन कपॅसिटर, डोकी एकदम सपाट. फुगलेला कपॅसिटर खराब असतो हे खरं, पण सपाट म्हणजे चांगला असं नाही. सिरीज बोर्डावर, म्हणजे मेन्सच्या वाटेत ६० वॅटचा बल्ब मध्ये टाकून चालू केला, आउटपुटला इंडिकेटरचा बल्ब. फोनवर सुळका आला. बायकोचा हेअर ड्रायर घेऊन लांबून त्या दोघांवर गरम हवा सोडली आणि सुळका बसत गेला. मग बंद करून, मोठ्या कपॅसिटरमधला चार्ज उतरवून, दोघांना सोडवून मीटरवर धरलं. नव्याचा ईएसआर ०.०५ ओहमच्या आसपास येतो. एकाचा दीडच्या वर, दुसऱ्याचा त्याहून जास्त. आयसीजवळचा बारकाही काढला, तो अजून तग धरून होता, पण त्याच कपाटात शिजलेला, म्हणून बदलला. १०५ डिग्रीचे, कमी ईएसआरचे, उंचीत बसले म्हणून २५ व्होल्टचे घातले. दर दहा डिग्री तापमान वाढलं की या मालाचं आयुष्य निम्मं होतं हा सगळे मेकॅनिक धरून चालतात तो हिशोब. सोलापुरात पत्र्याखालच्या बंद कपाटाला तो लावून बघा. अण्णांच्या कपाटाला खाली-वर दोन्हीकडं भोकं पाडून जाळी मारायला लावली.

असे अडॅप्टर उघडलेच तर ट्रान्सफॉर्मरजवळ निळा नाहीतर पिवळा चकतीचा सिरॅमिक कपॅसिटर दिसतो, एका जाड रेझिस्टरच्या शेजारी. पोकळ पीव्हीसी पाइपाचा हातभर तुकडा कानाला लावून त्याच्यावर रोखला आणि आवाज तिथूनच आला, तर तितक्याच कपॅसिटन्सचा आणि व्होल्टेजचा फिल्म कपॅसिटर लावायचा. शिट्टी जाते. सुक्या लाकडी काडीनं, आइस्क्रीमची चालते, ट्रान्सफॉर्मर हलकेच दाबला आणि सूर बदलला तर तो सैल आहे. पण हे करायचं असेल तर नीट ऐका. २३० व्होल्ट सरळ झाले की मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी बसतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ बसून राहतो. तो होल्डरमधल्या १५ वॅटच्या बल्बनं उतरवायचा, स्क्रू ड्रायव्हरनं ठिणगी पाडून नाही. काही सप्लायमध्ये हीटसिंकसुद्धा लाइव्ह असते. पत्र्याच्या सप्लायवर बाजूला लाल बटण असेल तर ते २३० कडंच आहे ना ते बघा. ११५ वर ठेवून आपल्या मेन्सला लावला तर पुढचा आवाज माझ्यासारख्या पन्नाशीच्या माणसालाही स्वच्छ ऐकू येतो. आणि स्कोप, म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र, असेल तर त्याची अर्थिंगची चिमटी मेन्सच्या बाजूला लावू नका, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर त्या बाजूला जाऊच नका.

बिलाच्या वेळी मात्र अण्णांनी मला पेचात पकडलं. "मला आधी ऐकू येत नव्हतं. आत्ता पण येईना. मग तुम्ही नेमकं काय दुरुस्त केलाव?" मी फोन काढला, पहिल्या रात्रीचा आलेख आणि त्या दिवशीचा, दोन्ही शेजारी लावून दाखवले. एकात ११ हजारांवर सुळका, दुसऱ्यात नुसतं खालचं गवत. त्यांनी चष्मा वर केला, दोन्ही बघितले, कोपऱ्यातल्या पोराला हाक मारली, "का बे, थांबलंय का खरं?" तो पुस्तकातून डोकं न काढता "हो काका" म्हणाला. सप्लायचे आणि कपॅसिटरचे पैसे लगेच दिले, मजुरीतले शंभर कमी केले. पावभाजीचा खर्च मी त्यात धरला नव्हता.